गुरुकुंज मोझरी : दैनंदिन व सामाजिक जीवन

महाराष्ट्र राज्याच्या अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यातील आश्रमस्थान. ते अमरावती–नागपूर महामार्गावर आहे. संत तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापिला. पहाटेचे सामुदायिक ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना यांनी येथील दिनक्रम बांधलेला आहे. प्रार्थनेत मूर्तीऐवजी रिकामे अधिष्ठान असते. त्यामुळे जातिधर्माचा भेद न राहता सर्वांना एकत्र बसता येते. ग्रामसफाई, श्रमदान व खंजिरीच्या साथीवरील भजन ही लोकशिक्षणाची साधने होत. गावोगावी हा दिनक्रम रुजविण्याचे कार्य श्रीगुरुदेव सेवा मंडळ करते. यामागील ग्रामोद्धाराचा विचार ग्रामगीता (१९५५) या ओवीबद्ध ग्रंथात आला आहे. महाराजांची समाधी येथेच असून पुण्यतिथी महोत्सवात हजारो लोक मौन श्रद्धांजली वाहतात.