घोट्यातला आवाज

अहिल्यानगर शहराजवळ, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नागापूर आहे. तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. पाळी सुटली, की कामगार घरोघरी परततात. काही जण तासन्‌तास यंत्रापुढे उभे राहिलेले असतात. घरी आल्यावर ते पाय लांब करतात, पाऊल गोल फिरवतात आणि घोट्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. “हाड झिजलं वाटतं!” असे कोणी तरी काळजीने म्हणते. तुमच्याही घोट्यातून असा आवाज कधी आला असेल. त्याला घाबरावे का?

उर्दूत ज्याला आपण ‘टखना’ म्हणतो, तोच मराठीतला घोटा. गुडघ्याखाली दोन हाडे असतात. त्यांची खालची टोके घोट्याच्या दोन्ही बाजूंना उंचवट्यासारखी हाताला लागतात. या दोन टोकांच्या मध्ये पावलाचे एक हाड बसलेले असते. हाडांना हाडांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांना स्नायुरज्जू म्हणतात. सांध्यात थोडा बुळबुळीत द्रव असतो. गाडीच्या चाकाला जसे वंगण, तसाच हा द्रव.

या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला, की आतील दाब कमी होतो. तेथे वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली बोटांच्या सांध्यांचे चित्रण करून ही पोकळी तयार होताना पाहिली. कधी कधी स्नायुरज्जू हाडाच्या उंचवट्यावरून घसरते, तेव्हाही ‘कट्’ असे वाजते. दुखत नसेल, सूज नसेल, तर अशा आवाजाला घाबरण्याचे कारण नाही.

मात्र वेदनेकडे दुर्लक्ष करू नये. कबड्डी किंवा खो-खो खेळताना पाऊल आत वळते आणि घोटा मुरगळतो. बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, कधी फाटतातही. अशा वेळी घरात लगेच तेल गरम केले जाते आणि कोणी तरी पाय जोराने चोळतो. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे सूज वाढते. हाड मोडले असेल, तर इजा अधिक होते.

मग काय करावे? खेळ थांबवावा. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे घोट्यावर धरावा. तो उघड्या त्वचेवर ठेवू नये. लवचीक पट्टी बांधावी, पण फार घट्ट नको. पाय उशीवर उंच ठेवावा.

क्ष-किरण चित्र केव्हा काढावे, यासाठी कॅनडातील ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ साली एक सोपी कसोटी मांडली. ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या टोकावर वा मागच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल, तर दवाखान्यात जावे. मार न लागता घोटा सुजला, लाल झाला आणि तापही आला, तर मुळीच वेळ घालवू नये.

सूज उतरली, की हळूहळू चालायला लागावे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव असतो. म्हणून दुखणे थांबल्यावर रोज थोडा वेळ, भिंतीजवळ, एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. त्याने घोट्याचा तोल सुधारतो. उभ्याने काम करणाऱ्यांनी अधूनमधून बसावे, टाचा वर-खाली कराव्यात.

आपला घोटा दिवसभर आपला भार वाहतो. तो नुसता वाजला, तर वाजू द्यावा; पण तो दुखू लागला, तर त्याचे ऐकावे.

स्वाध्याय
१. घोट्यातून आवाज येण्याची दोन कारणे सांगा.
२. मुरगळलेला घोटा लगेच का चोळू नये?
३. खेळताना मित्राचा घोटा मुरगळला, तर तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.