आकड्यांमागचा फोन

‘अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल, चार हजार एमएएच, आठ कोअर, चौसष्ट जीबी.’ नववी-दहावीच्या कुठल्याही वर्गात हे आकडे मोठ्याने म्हणून पाहा. हा फोन कोणता, यावर मुले लगेच वाद घालू लागतील. पण ‘एमएएच म्हणजे काय?’ असे विचारले, तर ‘बॅटरी मोठी आहे’ यापलीकडे उत्तर सहसा येत नाही. वास्तविक ही सारी एकके आपल्या पाठ्यपुस्तकातल्या एककांचीच भावंडे आहेत.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कित्येक घरांत मुलांच्या अभ्यासासाठी पोटाला चिमटा घेऊन स्मार्टफोन विकत घेतला गेला. अशा घराने घेतलेला फोन पुढे चार-पाच वर्षे चालावा लागतो, आणि त्याची निवड बहुधा याच आकड्यांवरून होते. आकडे खोटे असतात असे नाही. पण जाहिरातीतला प्रत्येक आकडा हे अर्धे वाक्य असते. उरलेले अर्धे वाक्य शालेय गणित आणि विज्ञान वापरून पूर्ण करता येते का, हे आपण एक प्रत्यक्ष फोन घेऊन पाहू.

उदाहरण म्हणून शाओमी कंपनीचा ‘रेडमी नोट ७ प्रो’ घेऊ. तो फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आला. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असलेल्या फोनची किंमत तेव्हा १३,९९९ रुपये होती. म्हणजे हा मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन. अगदी स्वस्त फोनमध्ये निवडीला वाव नसतो आणि फार महागड्या फोनमध्ये बहुतेक सगळेच उत्तम दर्जाचे घालता येते. मधल्या किमतीत मात्र एका ठिकाणी सढळ हाताने खर्च केला, की दुसरीकडे हात आखडता घ्यावा लागतो. या फोनला पुढे आणि मागे मजबूत काच होती, पण कडेची चौकट प्लास्टिकची होती. कॅमेऱ्यात सोनी कंपनीचा नव्या बनावटीचा संवेदक होता, पण फोटो काढताना हात हलला तर भिंग सावरून धरणारी यंत्रणा नव्हती. आता एकेक आकडा घेऊ.

पडदा : ६.३ इंच, पण कुठले?

पडद्याचे माप कर्णाचे असते. त्यामुळे नुसत्या कर्णावरून पडदा किती रुंद आहे हे कळत नाही. त्यासाठी लांबी-रुंदीचे गुणोत्तर लागते. याच मालिकेतला २०१७ सालचा ‘रेडमी नोट ४’ हा फोन ५.५ इंची होता आणि त्याचे गुणोत्तर १६:९ होते. आपल्या फोनचे गुणोत्तर १९.५:९ आहे. पायथागोरसचा सिद्धांत वापरून दोन्ही पडद्यांच्या बाजू काढा. कोपऱ्यांची गोलाई सोडून दिली, तर जुना पडदा सुमारे १२.२ सेंटिमीटर लांब आणि ६.८५ सेंटिमीटर रुंद येतो; नवा १४.५ सेंटिमीटर लांब आणि ६.७ सेंटिमीटर रुंद. कर्ण ०.८ इंचाने वाढला, पण रुंदी उलट थोडी कमी झाली! क्षेत्रफळ वाढले ते सुमारे १७ टक्के, आणि ती सारी वाढ लांबीत आहे. पुस्तकाचे पान उभे धरून वाचणाऱ्या मुलाला ओळीत एकही जादा अक्षर मिळणार नाही.

या पडद्यावर २३४० × १०८० चित्रबिंदू म्हणजेच पिक्सेल आहेत. कर्णावर किती बिंदू बसतात? पुन्हा पायथागोरस. उत्तर सुमारे २५७७. त्याला ६.३ने भागले की इंचाला ४०९ बिंदू, म्हणजे दोन शेजारच्या बिंदूंमध्ये ०.०६ मिलिमीटर अंतर. निरोगी डोळ्याला साधारण १ मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन बिंदू वेगळे दिसतात. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर या कोनात ०.०९ मिलिमीटर अंतर येते. म्हणजे या पडद्याचे बिंदू डोळ्याच्या क्षमतेपेक्षा आधीच बारीक आहेत. याहून दाट बिंदूंसाठी जादा पैसे मोजले, तर नेहमीच्या वाचनात त्याचा फरक दिसणे कठीण.

एक प्रयोग करून पाहा. पडद्यावर पांढरे पान उघडा आणि काडीच्या टोकाने मोहरीएवढा पाण्याचा थेंब त्यावर ठेवा. थेंब बहिर्गोल भिंगासारखे काम करतो आणि त्यातून लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे ठिपके दिसू लागतात. पांढरा रंग तिथे कुठेच नसतो. तो आपल्या डोळ्यांत तयार होतो. (थेंब लगेच कापडाने टिपून घ्यावा.)

कॅमेरा : अंगणात मांडलेल्या वाट्या

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. ४८ मेगापिक्सेल म्हणजे ८००० × ६०००, एकूण ४ कोटी ८० लाख. हे सगळे बिंदू जिथे बसवलेले असतात तो संवेदक केवढा असेल? या संवेदकातला एक बिंदू ०.८ मायक्रॉन रुंदीचा आहे. ८००० × ०.८ मायक्रॉन म्हणजे ६.४ मिलिमीटर, आणि ६००० × ०.८ मायक्रॉन म्हणजे ४.८ मिलिमीटर. कर्ण किती? ३, ४, ५ या आपल्या ओळखीच्या त्रिकुटाने तोंडीच सांगता येईल : ८ मिलिमीटर. करंगळीच्या नखावर मावेल एवढ्या जागेत जवळजवळ पाच कोटी बिंदू! लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.७ मायक्रॉन असते. म्हणजे एक बिंदू जेमतेम प्रकाशाच्या एका लहरीएवढा आहे.

बिंदू इतका लहान असला तर अडचण कोणती? समजा, पावसात अंगणभर वाट्या मांडल्या आहेत. धो धो पाऊस असेल तर लहान वाट्यांतही सारखेच पाणी साठते. पण भुरभुर पावसात एका वाटीत पाच थेंब पडतात, तर शेजारच्या वाटीत नऊ. पाऊस सगळीकडे सारखा असूनही वाट्या निरनिराळे उत्तर देतात. प्रकाशही असाच कणाकणांनी येतो. एका बिंदूवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर त्यात वर्गमुळाइतका, म्हणजे १० कणांचा कमी-अधिकपणा सहज येतो. हा १० टक्के झाला. बिंदूचे क्षेत्रफळ चौपट केले तर ४०० कण पडतील आणि चढउतार २० कणांचा, म्हणजे ५ टक्केच राहील. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते, तिचे एक मुख्य कारण हेच.

म्हणून या संवेदकाच्या रचनेत एक युक्ती आहे. शेजारच्या चार बिंदूंवर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते आणि त्या चौघांचे उत्तर एकत्र करून एक मोठा बिंदू मानला जातो. ४८ला ४ने भागले की १२. हा फोन नेहमीच्या वापरात १२ मेगापिक्सेलचाच फोटो जतन करतो. पूर्ण ४८ मेगापिक्सेलचा फोटो हवा असेल तर तसे मुद्दाम निवडावे लागते. भर उन्हात त्याचा उपयोगही होतो, पण त्याची फाइल कितीतरी जास्त जागा घेते. आणि ज्या पडद्यावर आपण तो पाहणार, त्यावर बिंदू आहेत अवघे २५ लाख.

हीच गोष्ट पुढेही चालू राहिली. जानेवारी २०२३ मध्ये भारतात आलेल्या ‘रेडमी नोट १२ प्रो प्लस’मध्ये २०० मेगापिक्सेलचा संवेदक होता. त्यातला एक बिंदू ०.५६ मायक्रॉनचा, आणि १६ बिंदू मिळून एक धरायचा. २०० ÷ १६ = १२.५. आकडा चौपटीने वाढला, पण नेहमीच्या फोटोतले बिंदू जवळपास तेवढेच राहिले! मग काहीच सुधारले नाही का? सुधारले. तो संवेदक आकाराने मोठा होता, म्हणून सोळा बिंदूंचा एक गट २.२४ मायक्रॉनचा झाला. आधीच्या फोनमध्ये चार बिंदूंचा गट १.६ मायक्रॉनचा होता. प्रकाश गोळा करणारी जागा वाढली हा खरा फायदा, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापला जातो तो दुसराच आकडा.

बॅटरी : भार आणि ऊर्जा

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर. विद्युतधारा गुणिले वेळ म्हणजे विद्युतभार. तेव्हा ४००० एमएएच हे भाराचे माप आहे, ऊर्जेचे नाही. ऊर्जा हवी असेल तर विभवांतराने गुणायला हवे : ४ अँपिअर-तास × ३.८५ व्होल्ट = १५.४ वॉट-तास. एवढ्या ऊर्जेवर ९ वॉटचा एलईडी दिवा पावणेदोन तासांच्या आत विझेल. विजेच्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. त्यात, वाया जाणारी ऊर्जा सोडून दिली तर, हा फोन सुमारे ६५ वेळा पूर्ण भरता येईल.

पॉवर बँक घेताना हा फरक नेमका उपयोगी पडतो. १०,००० एमएएचची पॉवर बँक ४००० एमएएचचा फोन अडीच वेळा भरेल असा साधा हिशेब मुले करतात. पण ते १०,००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या घटाचे आहेत. ऊर्जा झाली ३७ वॉट-तास. ५ व्होल्टवर ती बाहेर आणताना आणि फोनमध्ये भरताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. प्रत्यक्षात फोन सुमारे दोनदा भरला तर समाधान मानावे.

चार्जिंगचेही तसेच आहे. हा फोन १८ वॉटने भरून घेऊ शकत होता, पण डब्यात दिलेला चार्जर १० वॉटचा होता. १५.४ वॉट-तास ÷ १० वॉट म्हणजे किमान दीड तास; शेवटी शेवटी बॅटरी मुद्दाम सावकाश भरली जात असल्याने त्याहूनही जास्त. आणि भरलेली बॅटरी किती वेळ पुरेल? ते पडद्याच्या उजेडावर आणि गावातल्या मोबाइलच्या मनोऱ्यावरही अवलंबून असते. मनोरा दूर असला की फोनला अधिक जोर लावून लहरी पाठवाव्या लागतात. त्यामुळे तोच फोन शहरात दिवसभर पुरतो आणि डोंगराआडच्या वाडीत संध्याकाळीच मान टाकतो.

प्रोसेसर आणि स्मृती

या फोनच्या ‘स्नॅपड्रॅगन ६७५’ प्रोसेसरमध्ये आठ कोअर आहेत. पण ते सारखे नाहीत : दोन ताकदीचे, २ गिगाहर्ट्‌झचे, सहा काटकसरी, १.७ गिगाहर्ट्‌झचे. निरोप पाहणे, गाणे ऐकणे अशी हलकी कामे काटकसरी कोअर थोड्या विजेत करतात, आणि भारी काम आले की ताकदवान कोअर जागे होतात. पंगतीच्या स्वयंपाकात भाजी चिरायला आठ जण बसले तर काम लवकर उरकते, पण फोडणी एकालाच द्यावी लागते. तसे जे काम तुकड्यांत वाटता येत नाही, ते आठ कोअर असूनही एकाच कोअरच्या वेगाने होते. शिवाय अशा फोनमध्ये पंखा नसतो. तापल्यावर तो स्वतःहून वेग कमी करतो. उन्हाळ्यात फोन मंद वाटतो त्यामागे हेही एक कारण असते.

४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण यांतला फरक शिक्षकांना सांगायला नको. रॅम म्हणजे टेबल, साठवण म्हणजे कपाट. टेबल लहान असेल तर कपाटात कितीही वह्या असोत, एका वेळी थोड्याच उघडून ठेवता येतात. कारखानदार १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर संगणकाच्या द्विमान पद्धतीत तो २चा ३०वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट होतो. त्या मापाने ६४ जीबीचे ५९.६ उरतात, आणि त्यातूनही फोनची स्वतःची प्रणाली आपला वाटा घेते.

न छापलेला आकडा

फोन किती वर्षे सुरक्षित राहील, हा आकडा या फोनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नव्हता. अँड्रॉइड ही प्रणाली गूगल कंपनी विकसित करते. पण तिची नवी आवृत्ती आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपल्या फोनपर्यंत पोचवण्याचे काम फोनच्या उत्पादकाचे असते. हा फोन अँड्रॉइड ९ घेऊन आला, त्याला अँड्रॉइड १० मिळाले आणि तिथे प्रवास थांबला. पडदा, बॅटरी, कॅमेरा ठणठणीत असतानाही दाराचे कुलूप जुने होत जाते, आणि ज्या फोनवरून आपण बँकेचे व्यवहार करतो त्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही.

अर्धी वाक्ये पूर्ण करण्याचा एक प्रयत्न युरोपीय संघात झाला आहे. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोनवर ऊर्जा-लेबल लावावे लागते. एकदा भरलेली बॅटरी ठरावीक चाचणीत किती तास टिकते, ती किती वेळा भरता-रिकामी करता येते, फोन पडल्यावर किती तग धरतो आणि दुरुस्तीला किती सोपा आहे, हे त्यावर लिहिलेले असते. बॅटरीपुरते पाहिले तर तिथे माप दिले आहे ते तासांत.

आपल्या वर्गात असे लेबल मुलांकडूनच करून घेता येईल. प्रत्येक गटाला वर्तमानपत्रातली फोनची एक जाहिरात कापून आणायला सांगा. प्रत्येक आकड्यापुढे तीन प्रश्न लिहायचे : हे नेमके कशाचे माप आहे? कोणत्या परिस्थितीत ते खरे ठरते? आणि या आकड्यासाठी फोनमध्ये दुसऱ्या कशावर पाणी सोडले असेल? पायथागोरस, क्षेत्रफळ, वर्गमूळ, ओहमच्या धड्यातली एकके आणि २चे घात एवढ्या शिदोरीवर बहुतेक उत्तरे निघतील. जी निघणार नाहीत, ती मुलांना दुकानदाराला विचारू द्या. सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, हा प्रश्न त्या यादीत सर्वांत वर असावा.