रेडिएटरला धातू कोणता?

भर उन्हात घाट चढताना मोटार तापते, वाफ येऊ लागते, आणि आपण सारा दोष इंजिनाला देतो. परंतु इंजिनाची उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करण्याचे काम पुढच्या जाळीचे, म्हणजे रेडिएटरचे आहे. ही जाळी कोणत्या धातूची करावी? जो उष्णता उत्तम वाहून नेतो त्याची, असे आपण सहज म्हणू. हे उत्तर अर्धेच खरे आहे.

तांब्याची उष्णतावाहकता 100 धरली, तर अॅल्युमिनियमची सुमारे 60 व पितळेची 30 च्या आसपास भरते. तरीही जुन्या रेडिएटरांत पाण्याच्या नळ्या बहुधा पितळेच्या असत. तांबे वापरीत ते नळ्यांमधील पातळ पत्र्यांसाठी. यात विसंगती नाही. नळीची भिंत मिलिमीटरहूनही पातळ. एवढे अंतर उष्णता पितळेतूनही सहज ओलांडते, आणि पितळेचा कणखरपणा वर उपयोगी पडतो. पत्र्यात मात्र उष्णतेला टोकापर्यंत पसरावे लागते. तेव्हाच सबंध पत्रा वाऱ्याच्या कामी येतो. म्हणून तेथे तांबे. दोहोंचा सांधा शिसे व कथील यांच्या डाखाने जमे.

मग तांबे मागे का पडले? वजनामुळे. एक लिटर आकारमानाचे तांबे सुमारे 9 किलो भरते, अॅल्युमिनियम 2.7 किलो. सारख्या वजनात अॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट काम देते. अडचण सांध्याची होती. त्यावरील ऑक्साइडचा चिवट पापुद्रा डाख धरू देत नाही. पुढे पत्र्यावर अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा थर देऊन, पापुद्रा रसायनाने काढून, सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या भट्टीत सांधण्याची रीत रुळली. थर वितळतो, आतला पत्रा वितळत नाही. 1970 नंतरच्या दशकांत अॅल्युमिनियमने असा जम बसवला, की आज बहुतेक नव्या मोटारींत तेच असते.

त्यातही एक युक्ती आहे. वाऱ्याकडील पत्र्यांत पुष्कळदा थोडे जस्त मिसळतात, म्हणजे बाहेरून क्षरण सुरू झाले की पत्रा आधी झिजतो व नळी वाचते. पत्रा झिजला तर थंडावा थोडा घटतो. नळीला भोक पडले तर पाणी जाते, आणि पाठोपाठ इंजिनही.

आतली बाजू मात्र आपल्या हाती आहे. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातील क्लोराइड क्षार अॅल्युमिनियमला आतून पोखरतात. म्हणून कारखान्याने सांगितलेले कूलंटच घालावे. गळका पितळी रेडिएटर कारागीर डाख देऊन पुन्हा चालता करी. अॅल्युमिनियमचा बहुधा बदलावाच लागतो. या धातूने मोटारीचे वजन हलके केले, पण त्याला जपण्याचा भार आपल्यावर टाकला आहे.