स्तनकर्करोगाची रुग्णा आणि 'ड' जीवनसत्त्व : मात्रेचा विचार

स्तनकर्करोगाचे निदान झालेली रुग्णा शस्त्रकर्म, केमोथेरपी वा रेडिओथेरपी घेत असतानाच बलवर्धनासाठी, अम्लपित्तासाठी किंवा अस्थिशूलासाठी वैद्याकडेही येते. तिच्या औषधांत 'ड' जीवनसत्त्व बहुधा असतेच. त्याविषयी व्यवसायबंधूंमध्ये दोन टोकांची मते आढळतात. काहींना ते कर्करोगावरचेच औषध वाटते, तर काही जण 'रासायनिक' म्हणून ते बंद करावयास सांगतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही भूमिका रुग्णेस अपायकारक आहेत.

पहिल्या समजुतीला आधार नाही असे नव्हे. निदानाच्या वेळी रक्तातील 'ड'ची पातळी चांगली असलेल्या स्त्रियांचे आयुर्मान अधिक असल्याचे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले. परंतु येथे कार्यकारणभाव उलटाही असू शकतो. आजारी स्त्री उन्हात कमी जाते. स्थूल व्यक्तीत हे स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्व मेदात अडकते व रक्तात कमी दिसते, आणि स्थौल्य स्वतःच या व्याधीत अनिष्ट आहे. अमेरिकेत २५,८७१ व्यक्तींवर झालेल्या 'व्हायटल' या चाचणीत रोज २,००० युनिट 'ड३' सुमारे पाच वर्षे देऊनही स्तनकर्करोगाचे प्रमाण घटले नाही. ही चाचणी निरोगी व्यक्तींवरील होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. निदानानंतर 'ड' दिल्याने रोगाचा पुनरुद्भव टळतो, हे मात्र मोठ्या यादृच्छिक चाचणीने अद्याप सिद्ध झालेले नाही.

मग ते देतात कशासाठी? अस्थींसाठी. रजोनिवृत्त रुग्णेस लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारखी औषधे साधारणतः पाच वर्षे वा अधिक काळ दिली जातात. त्यांमुळे शरीरातील उरलेसुरले इस्ट्रोजेनही घटते आणि अस्थिक्षय वेगाने होतो. वात व अस्थी यांचा आश्रयाश्रयी भाव जाणणाऱ्या वैद्यास या स्त्रियांची संधिशूल, कटिशूल ही लक्षणे अपरिचित नाहीत. झोलेड्रोनिक ॲसिडची शिर देण्यापूर्वी तर 'ड'ची कमतरता भरून काढावीच लागते. एरवी रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून 'ड' बंद करण्याचा सल्ला परस्पर देऊ नये.

आता मात्रा. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. भारतीय प्रौढास रोजची शिफारस ६०० युनिटची आहे. रक्तातील पातळी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असल्यास सामान्यतः कमतरता मानतात व ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, बहुधा आठ आठवडे देतात. घोटाळा येथेच होतो. आठवड्याची पुडी रोज घेतली जाते किंवा आठ आठवड्यांचा क्रम वर्षभर चालू राहतो. हे जीवनसत्त्व मूत्रावाटे सहज निघून जात नाही, मेदात साठते. त्याच्या अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढते. मलावष्टंभ, तृष्णा, बहुमूत्रता, अरुची, छर्दी, तंद्रा ही त्याची लक्षणे. व्याधी अस्थींत पसरला असल्यास 'ड'च्या अतिमात्रेवाचूनही कॅल्शियम असेच वाढू शकते.

ही लक्षणे पाहून आपल्या मनात प्रथम काय येते? केमोथेरपीने पित्तप्रकोप झाला, असे वाटते व कामदुधा किंवा प्रवाळपंचामृत दिले जाते. प्रवाळ, मौक्तिक, शुक्ती, शंख, वराटिका ही सर्व द्रव्ये मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटच होत. वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम धरले तर २५० मिलिग्रॅम प्रवाळपिष्टी दिवसातून दोनदा घेतल्यास सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जाते. एवढ्याने एरवी काही बिघडत नाही. परंतु ५४ वर्षांच्या एका रुग्णेच्या पिशवीत ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियम गोळ्या, ६०,०००ची पुडी, रक्तदाबासाठी थायझाइड आणि या दोन कल्पांपैकी एक, असे सारे एकत्र आढळले. प्रत्येक औषध वेगळ्या चिकित्सकाचे होते व बेरीज कोणीच केलेली नव्हती. थायझाइड मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम रोखते, म्हणून ही सांगड विशेष जपून हाताळावी. अशा रुग्णेस सुधागणातील कल्प देण्यापूर्वी सीरम कॅल्शियम, क्रिएटिनिन व 'ड'ची पातळी पाहावी. लक्षणे वरीलप्रमाणे असतील तर सुधाकल्प व कॅल्शियम थांबवून त्याच दिवशी तिच्या कर्करोगतज्ज्ञांशी संपर्क साधावा.

अस्थिगत व्याधीत तिक्तद्रव्यसिद्ध क्षीरबस्ती शास्त्रसंमत आहे. तथापि केमोथेरपीच्या काळात श्वेतपेशी वा बिंबाणू घटलेले असताना गुदमार्गाने कोणताही उपक्रम करू नये. जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांची भीती असते. त्या काळात अस्थिपोषणाचा भार दूध, नाचणी, तीळ व शक्तीप्रमाणे चालणे यांवरच ठेवावा.

'कोवळे ऊन घ्या' हा आपला नेहमीचा सल्लाही थोडा तपासला पाहिजे. त्वचेत 'ड' निर्माण करणारे किरण सकाळी लवकर फारच क्षीण असतात. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन त्यासाठी उपयोगी, आणि तेही काचेआडून नव्हे. मात्र रेडिओथेरपी झालेल्या भागावर ऊन पडू देऊ नये. काही केमोथेरपी औषधांनी सर्वच त्वचा उन्हाला असहिष्णू होते. अशा रुग्णेस आतपसेवनाचा आग्रह न करता पुडी घेऊ देणेच इष्ट.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. ६०,००० युनिटची पुडी देताना तिच्यावर 'आठवड्यातून एकदा' असे मराठीत लिहून वारही घालावा, उदाहरणार्थ 'दर रविवारी'. चिठ्ठीवर आठच पुड्या असतील तर नवव्या पुडीसाठी ती चिठ्ठी चालवू नये. सुधाकल्प मागणाऱ्या ग्राहकास कॅल्शियमची गोळी चालू आहे काय, एवढे विचारावयास अर्धा मिनिटही लागत नाही.