एलएसयूचा २०१९ चा हंगाम : १५ सामने, १५ विजय

अमेरिकन कॉलेज फुटबॉलची गोडी लावून घ्यायची असेल, तर लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा म्हणजेच एलएसयूचा हा हंगाम बघाच! संघाचा पास फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणजेच क्वार्टरबॅक जो बरो आधी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत राखीव खेळाडू होता, २०१८ मध्ये तो इकडे आला. पुढच्याच वर्षी त्याने थेट गुण मिळवून देणारे ६० टचडाउन पास फेकले, तेव्हाचा विक्रम! एलएसयूने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ४६-४१ हरवलं, तो सामना तर चुकवूच नका. उपांत्य फेरीत ओक्लाहोमाविरुद्ध बरोचे सात टचडाउन पास, तेही मध्यंतराआधीच. अंतिम सामन्यात गतविजेत्या क्लेमसनवर ४२-२५ अशी मात. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कार स्वीकारताना बरो ओहायोतल्या आपल्या भागातल्या उपाशी मुलांबद्दल बोलला. ते ऐकून लोकांनी तिथल्या अन्नपेढीला लाखो डॉलर दिले.