सर्व्हर चालू, दार बंद

१४ डिसेंबर २०२०, सोमवार. भारतात संध्याकाळचे सव्वापाच वाजून गेले आणि जीमेल उघडेना. ड्राइव्हमधल्या फायली मिळेनात, मीटवरच्या बैठका अडकल्या. यूट्यूबवर व्हिडिओच्या जागी एक माकड आणि काहीतरी बिघडल्याचा निरोप. पण ज्यांनी ब्राउझरची खासगी विंडो उघडून, लॉगिन न करता यूट्यूब लावलं, त्यांना तोच व्हिडिओ बिनतक्रार दिसत होता.

निदान त्यातच होतं. व्हिडिओ साठवणारी यंत्रं ठणठणीत होती, त्यांच्यापर्यंतची वाटही मोकळी होती. बंद पडली होती ती ‘तुम्ही कोण’ हे ठरवणारी यंत्रणा. तेवढ्यावर गुगलच्या लॉगिन लागणाऱ्या सगळ्या सेवा जगभर पाऊण तास ठप्प झाल्या.

क्लाउडवर कुठलंही ॲप चालवायचं तर तीन सोयी लागतात. ॲप चालण्यासाठी यंत्रं, म्हणजे होस्टिंग. तिथवर पोहोचायला रस्ता, म्हणजे नेटवर्किंग. आणि येणारा कोण, त्याला काय करू द्यायचं हे ठरवणं, म्हणजे आयडेंटिटी मॅनेजमेंट. पैसे आणि चर्चा पहिल्या दोन गोष्टींवर खर्च होतात. क्लाउडची खरी तटबंदी मात्र तिसरीच आहे.

आधी यंत्रं. क्लाउड आभाळात नसतो, जमिनीवरच्या इमारतींत असतो. मायक्रोसॉफ्टच्या नकाशावर ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे. हे केंद्र मुंबई आणि चेन्नईच्या केंद्रांबरोबर २०१५मध्ये सुरू झालं. ॲमेझॉननं २०१६मध्ये आणि गुगलनं २०१७मध्ये मुंबई गाठली. तिथली यंत्रं तासाच्या, कधी सेकंदाच्या हिशेबानं भाड्यानं मिळतात. गर्दी वाढली की यंत्रं वाढवायची, ओसरली की सोडून द्यायची. ऐकायला सोपं आहे, पण गर्दीचं वागणं सरळ नसतं.

१० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरमध्ये विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना पावसामुळे राखीव दिवशी पुरा होत होता. धोनी खेळपट्टीवर होता आणि हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते. गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक भराभर पांगले. आता यंत्रं कमी करायला हरकत नाही, असं कुणालाही वाटेल. पण मोबाइलवर ‘मागे’चं बटण दाबलं की ॲप लगेच बंद होत नाही, आधी मुखपृष्ठ उघडतं. त्यावरच्या चित्रपट-मालिकांच्या याद्या वेगळेच सर्व्हर तयार करतात. म्हणजे व्हिडिओचा भार कोसळत असताना मुखपृष्ठावरचा भार उसळतो. शिवाय नवं यंत्र मागितलं की ते कामाला लागेपर्यंत थोडा वेळ जातोच, तोवर लाट येऊन गेलेली असते. म्हणून हॉटस्टारच्या अभियंत्यांनी गर्दीच्या पुढे राहील इतकी क्षमता आधीच उभी करण्याची पद्धत बसवली होती.

दुसरी सोय रस्त्याची. इथली करामत डोळ्यांना दिसत नाही. एकाच इमारतीत, एकाच तारेवर हजारो ग्राहकांची वाहतूक चालते, तरी प्रत्येकाला वाटतं की हे जाळं आपल्या एकट्याचं आहे. दोन कंपन्यांच्या यंत्रांना १०.०.०.४ हा एकच अंतर्गत पत्ता असू शकतो आणि तरीही गोंधळ होत नाही. कारण माहितीचं प्रत्येक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवलं जातं आणि बाहेरच्या पाकिटावर त्या ग्राहकाच्या जाळ्याचा क्रमांक असतो. जुन्या व्हीलॅन पद्धतीत या क्रमांकाला १२ बिट होते, म्हणजे जेमतेम ४,०९६ क्रमांक. कार्यालयाला ते पुरत. क्लाउडला कसे पुरणार? व्हीएक्सलॅन पद्धतीनं २४ बिट दिले आणि क्रमांक झाले १ कोटी ६७ लाखांहून अधिक.

या खासगी जाळ्यात ॲपचा दर्शनी भाग इंटरनेटला जोडायचा आणि डेटाबेसला बाहेरचा पत्ताच द्यायचा नाही, ही रूढ मांडणी. पण रस्ताच पुसला गेला तर? ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास गायब झाले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशानं कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळं तुटलं. अशा आदेशाला अडवणाऱ्या तपासणी प्रणालीतच दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरनी ठरल्या नियमाप्रमाणे आपले मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले. सर्व्हर चालू होते, जगाला त्यांचा पत्ता लागेना. दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

आता ओळख. तुम्ही एकदा लॉगिन करता, मग दिवसभर पासवर्ड कुणी विचारत नाही. कारण ओळख पटल्यावर तुम्हाला एक टोकन मिळतं आणि ते लोकलच्या पासासारखं चालतं. टीसी पास पाहतो, तारीख पाहतो, शिक्का पाहतो. दर वेळी तिकीट खिडकीवर चौकशी करत नाही. टोकनवर तुमची ओळख, मुदत आणि परवानग्या असतात आणि शिक्क्याच्या जागी गणिती स्वाक्षरी. ती गुप्त किल्लीनं केली जाते आणि जाहीर किल्लीनं कुणालाही तपासता येते. म्हणून हजारो सर्व्हर मूळ यंत्रणेला न विचारता तुम्हाला क्षणात आत घेतात.

मात्र त्यामुळे सगळा भार शिक्क्यावर येतो. १५ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या ओळख यंत्रणेत जुन्या किल्ल्या काढण्याचं नेहमीचं काम चालू होतं. एक किल्ली नेहमीपेक्षा जास्त काळ ठेवायची, अशी खूण केलेली होती. स्वयंचलित प्रणालीतल्या दोषामुळे त्या खुणेकडे दुर्लक्ष झालं आणि किल्ली निघाली. तिनं केलेल्या स्वाक्षऱ्या अवैध ठरल्या आणि टीम्ससकट अनेक सेवांत लोकांना प्रवेश मिळेना. गुगलचं २०२०मधलं दुखणंही याच जातीचं होतं. कुठल्या सेवेला किती साठवण द्यायची हे ठरवणाऱ्या नव्या कोटा प्रणालीकडे जाताना जुन्या प्रणालीचा एक भाग मागे राहिला होता. तो ओळख सेवेचा वापर शून्य असल्याचं कळवत राहिला आणि स्वयंचलित व्यवस्थेनं त्या सेवेच्या वाट्याची साठवण कापली.

शिक्का हरवला तर गैरसोय होते. चोरीला गेला तर काय होतं, ते २०२३मध्ये दिसलं. चीनशी संबंधित हॅकरांनी मायक्रोसॉफ्टची २०१६मधली एक स्वाक्षरी-किल्ली मिळवली. ती वैयक्तिक खात्यांसाठी होती, पण तपासणीतल्या त्रुटीमुळे संस्थांच्या ईमेललाही चालली. खोटी टोकनं बनवून त्यांनी अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांची पत्रं वाचली. त्यात तेव्हाच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांचं खातंही होतं. ही पत्रं वाचायला फायरवॉल फोडावी लागली नाही, खातेदारांचे पासवर्डही चोरावे लागले नाहीत. परराष्ट्र खात्यानं आपल्या नोंदींवर लावलेल्या इशाऱ्यामुळे हा प्रकार उघडकीला आला.

इमारत, वीज, डिस्क आणि तारा सांभाळणं ही क्लाउड कंपनीची जबाबदारी. आत कुणाला घ्यायचं, ही ग्राहकाची. आपल्याकडे एखादी पतसंस्था किंवा शाळा ॲप क्लाउडवर नेते तेव्हा चौकशी दराची आणि जागेची होते. त्याआधी विचारायला हवं: नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद होतं का? ॲडमिनला पासवर्डखेरीज पासकी किंवा सुरक्षा-चावी लागते का? डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलाय, की ॲपला स्वतःची ओळख देऊन थोड्या मुदतीचं टोकन मिळतं? कंत्राटदाराकडून ॲडमिन खात्यांची यादी मागून घ्यावी. त्यातलं एखादं नाव कुणाचं हे कुणालाच सांगता येत नसेल, तर आधी ते खातं बंद करावं, बाकीचं मग.