एक टेबल, तीन इयत्ता

मुलांना घरीच शिकवायचं, हे ठरवणं सोपं असतं हो! पण ‘शिकवायचं काय’ हे ठरवताना भल्याभल्यांची विकेट पडते. त्यात मुलं तीन, वयं तीन आणि डोकीही तीन तऱ्हेची असतील तर?

सोमवार, सकाळचे साडेनऊ. कोथरूडमधल्या आमच्या टू बीएचकेतलं जेवणाचं टेबल. एका टोकाला थोरली (वय १३) बीजगणितावर वैतागलेली. दुसऱ्या टोकाला धाकटी (वय ७) मोठ्ठ्यांदा वाचतेय, कारण मनातल्या मनात वाचलं तर ते वाचन मोजत नाहीत, अशी तिची ठाम समजूत आहे. मधला (वय १०) टेबलाखाली. का, ते विचारायचं नाही. आणि मी, एकेकाळी हिंजवडीत पंधरा जणांची टीम सांभाळणारी बाई, कुकरची तिसरी शिट्टी कधी होतेय याकडे कान लावून बसलेली. (मुलांची नावं छापायची नाहीत, ही थोरलीची अट. तेव्हा थोरली, मधला, धाकटी यावरच भागवून घ्या.)

“शाळेत का नाही घालत?” या प्रश्नाला मी आता सरावलेय. लिफ्टच्या चार मजल्यांत बसेल असं उत्तर तयार असतं. “हे कायद्यात बसतं का?” यालाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात लिहिलंय, पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा नाही आणि घरच्या शाळेबद्दल अवाक्षरही नाही. मधल्यामध्ये लोंबकळणारी भानगड आहे, आणि ती माहीत असूनच आम्ही यात उतरलो. मला घाम फोडतो तो तिसरा प्रश्न. “मग सिलॅबस कुठला?”

दोन खोकी आणि एक निकेल

जून २०२३ मध्ये मुलांना शाळेतून काढलं, तेव्हा माझ्यातली प्रोजेक्ट मॅनेजर फुल फॉर्मात होती. तीन मुलं म्हणजे तीन टाइमटेबलं, एक एक्सेल शीट आणि एकच ब्रँडेड पॅकेज! परदेशातून संपूर्ण अभ्यासक्रमाची दोन खोकी मागवली. गुळगुळीत कागद, रोज काय शिकवायचं ते आईसाठी लिहून दिलेलं, अगदी ‘आता मुलाला शाबासकी द्या’ इथपर्यंत. किंमत सांगत नाही, नवरा हे वाचणार आहे.

तिसऱ्या आठवड्यात पोपट झाला. गणितात निकेल आणि डाइम. धाकटीने विचारलं, “आई, निकेल म्हणजे काय?” मी म्हटलं, नाणं. ती म्हणाली, “कितीचं?” मी गूगल केलं. भूगोलात चार ऋतू आणि त्यातल्या एकात अंगणातला बर्फ. आमच्या अंगणात, म्हणजे पार्किंगमध्ये, तेव्हा गुडघाभर पावसाचं पाणी! मापं इंचात, वजनं पौंडात. आणि मराठी? ती नव्हतीच.

पण खरी अडचण निकेलची नव्हती. खोकं ‘इयत्ते’च्या हिशोबाने भरलेलं होतं. म्हणजे दुसरीचं मूल भाषेतही दुसरीत, गणितातही दुसरीत आणि विज्ञानातही दुसरीतच असणार. माझ्या घरात असं मूल एकही नाही. थोरली वाचनात कॉलेजात आणि अपूर्णांकांत पाचवीत. मधल्याची तर गोष्टच वेगळी.

अमृततुल्यची पाटी

मधला आठ वर्षांचा झाल्यावर रीतसर चाचण्या झाल्या आणि कागदावर शब्द आला, डिसलेक्सिया. ‘तारे जमीं पर’ २००७ मध्ये मी मैत्रिणींबरोबर थिएटरात पाहिला होता, भरपूर रडलेही होते. तो मुलगा आपल्या घरी असेल, असं पॉपकॉर्न खाताना थोडंच वाटतं?

देवनागरी आपल्याला किती सोपी वाटते! जसं बोलतो तसं लिहितो, वगैरे. एकदा मधल्याच्या डोळ्यांनी बघा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची, उच्चारायची मात्र नंतर. जोडाक्षरात एक अक्षर अर्धं होऊन दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. आकड्यांचं तर विचारूच नका. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की कानावर आधी तीन येतो आणि कागदावर आधी सहा लिहायचा असतो. हा ऐकतो त्याच क्रमाने लिहायचा, ३६. शाळेत त्यावर दोन वर्षं लाल फुल्या मिळाल्या.

इथे एक कबुली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! उलटा क्रम आणि जोडाक्षरं मुलांना जड जातात, असं डॉ. मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या. आणि मी? ऑफिसच्या ग्रुपवर त्यावरचे विनोद फॉरवर्ड करत होते. आज तेच ‘साठ तीन’ माझ्या घरात चालतं. आधी साठ तीन म्हणायचं, लिहायचं आणि मग शेवटी त्रेसष्ट. फुल्या थांबल्या.

वाचनाचं इतक्या झटपट सुटलं नाही. धाकटी पाच वर्षांची असताना एका संध्याकाळी आम्ही चौघं कर्वे रोडवरून येत होतो. टपरीवरची पाटी बघून ती एकदम म्हणाली, “अमृततुल्य!” जोडाक्षरासकट! कुणी शिकवलं नव्हतं. दादाला शिकवताना बाजूला बसून तिने उचललं होतं. मी टाळ्या वाजवल्या. आणि मग मागे पाहिलं. मधला आमच्यापासून दहा पावलं मागे थांबला होता, चपलेचा अंगठा नीट करत. चप्पल नीटच होती.

त्या रात्री तो म्हणाला, “तिचं पुस्तक मला नको देऊस. त्यावर इयत्ता पहिली लिहिलंय.”

दुसऱ्या दिवशी मी खाकी कागदाचा रोल आणला आणि घरातल्या झाडून सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातली. थोरलीच्यासुद्धा. लेबलावर फक्त विषय. इयत्ता नाही. आमच्या अभ्यासक्रमातला पहिला शहाणपणाचा निर्णय तो. खर्च दीडशे रुपये!

एकत्र काय, वेगळं काय

खोकी माळ्यावर गेली आणि मी मुलांऐवजी विषयांची वाटणी केली. वाचन आणि गणित ज्याचं त्याचं वेगळं, जो जिथे असेल तिथून. बाकी इतिहास, विज्ञान, भूगोल, गोष्टी हे सगळं तिघांना एकत्र. यात माझेही दोन-अडीच तास वाचतात, ते का लपवा!

पुस्तकं कुठून? बालभारती आणि एनसीईआरटी, दोघांचीही पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. प्रामाणिकपणे सांगते, खोकी मागवण्याआधी मी ती उघडूनही पाहिली नव्हती. विज्ञानासाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘स्मॉल सायन्स’ पुस्तकं सापडली. तिसरी ते पाचवीसाठीची आहेत, पण त्यात व्याख्या पाठ करायच्या नसतात. बघा, मोजा, चित्र काढा, असं असतं. त्यामुळे मधला वाचनात अडला तरी विज्ञानात अडत नाही. चौथीचं शिवरायांचं पुस्तक थोरली मोठ्याने वाचते. धाकटीला त्यात गोष्ट दिसते, मधला सिंहगडावर जाऊन नकाशा काढतो आणि थोरली विचारते की १६७० च्या त्या रात्रीचं हे सगळं सांगितलं कुणी? बखर म्हणजे काय, पोवाडा म्हणजे काय, यात आमचा एक महिना गेला. पोर्शन? राहिला.

गणितात सासूबाई उतरल्या. पावकी, निमकी, दिडकी! मला त्यातलं एकही येत नाही. पण निम्मं आणि पाव तालावर म्हणता म्हणता मधल्याला अपूर्णांक कळले आणि शेजारी बसलेल्या थोरलीचेही बरेच रुसवे गेले. सासूबाईंनी याचं श्रेय रोज घेतलं आणि मी ते रोज दिलं.

पण आमचा सगळ्यात भारी वर्ग झाला तो काडेपेटीवर. अरविंद गुप्ता यांचा हा जुना, साधा खेळ. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे छोटे तुकडे करायचे, त्यात काड्या खोचायच्या आणि आकार बांधायचे. नळी सायकलवाल्याकडे मिळते. काड्यांचं गुल आधी खरवडून टाका, प्लीज. त्रिकोण केला, तो ताठ. चौकोन केला, तो बोट लावलं की लुडकला. धाकटीने कोपरे मोजले. थोरलीला मी कोपरे, कडा आणि पृष्ठं मांडायला लावली. चार त्रिकोणांच्या पिरॅमिडमध्ये ४, ६, ४ आणि घनात ८, १२, ६. कोपऱ्यांतून कडा वजा करून पृष्ठं मिळवा, दोन्हीकडे उत्तर २! ऑयलर नावाचा माणूस तिला त्या दिवशी आवडला.

मधला गप्प होता. लुडकणाऱ्या चौकोनात तिरकी काडी घालायचा प्रयत्न चालला होता. पुरेना. उठला, गॅलरीत गेला, खराट्याची काडी मोडून आणली, मापाने तोडली आणि बसवली. चौकोन ताठ! “रेल्वेच्या पुलाला अशाच तिरक्या पट्ट्या असतात,” तो म्हणाला. थोरलीने पट्टी लावली. काडी साडेचार सेंटिमीटर, तिरकी जवळपास ६.४. “असं कसं?” तिने विचारलं. आता तिला पायथागोरस शिकणं भाग होतं आणि प्रश्न विचारला होता तो भावाच्या काडीने.

चौदाव्या वर्षाचं काय?

हे सगळं छान छान, पण दहावी? रात्री दोन वाजता हाच प्रश्न मलाही जागा करतो. १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते. केंब्रिजची आयजीसीएसई खासगी विद्यार्थी म्हणून देता येते, पण घेणारं केंद्र शोधा आणि विषयागणिक फी मोजा. आमचा कल एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे आहे. १९८९ मध्ये नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झालेली ही संस्था. वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय घ्यायचे, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करूनही सोडवता येतात. चित्रकला आहे, गृहविज्ञान आहे, डेटा एंट्रीसुद्धा आहे.

थोरली डिसेंबरमध्ये चौदाची होईल. तिने चार विषय ठरवलेत आणि पाचव्यावरून घरात युद्ध पेटलंय. तिला चित्रकला हवी, तिच्या बाबाला गणित. मी तिच्या बाजूने होते, पण तो म्हणाला, “दार बंद करायला एक मिनिट लागतं गं, नंतर उघडायला वर्ष जातं.” गणिताशिवाय पुढे कितीतरी वाटा अडतात, हे खरंच आहे. सध्या पाचवा रकाना रिकामा आहे.

मधल्याबद्दल तर सल्ल्यांचा पाऊस आहे. इथे गणित सक्तीचं नाही, सोडून टाका, त्याला सुटल्यासारखं होईल, असं दोघा जाणकारांनी सुचवलं. मला नाही पटलं. ज्याला आकडा लिहिताना घाम फुटतो, त्याला आकार मात्र आमच्या सगळ्यांच्या आधी दिसतात. ते गणित नाही तर काय? परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, तो मागू. बाकी चार वर्षं आहेत.

वाचन? हळू. अजूनही ओळीखाली बोट लागतं आणि कंटाळा आला की टेबलाखाली जावं लागतं. पाट्या वाचतो आता, धाकटी बरोबर नसेल तर.

यंदा जूनमध्ये नवी पुस्तकं आली. खाकी रोल, कात्री, लेबलं घेऊन मी बसले. मधला शेजारी येऊन उभा राहिला.

“माझ्या गणिताच्या पुस्तकाला नको घालूस कव्हर.”

“का रे?”

“सातवीचं आहे ना ते. पायथागोरसवालं.”